नियम एकटा वाचू नका : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या पेशाबदलाचा इतिहास

‘पूर्वी नियम कडक होते, मग हळूहळू सैल होत गेले.’ इतिहासाच्या अंगाने काही लिहायला बसलं की हे वाक्य आपोआप हाताखालून उतरतं. विषय कायद्याचा असो, शाळेचा असो की खेळाचा, वाक्य सगळीकडे बसतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. मार्गदर्शकाने ‘कशावरून?’ एवढंच विचारलं तर आपल्याकडे दाखवायला बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या नियमाचा मजकूर असतो, बस.

आज आपण एक छोटासा नियम घेऊन हे वाक्य तपासून बघू. नियम एका खेळातला आहे. खेळ घेण्याचं कारण सोपं आहे. त्याचे नियम छापलेले असतात, प्रत्येक आवृत्तीला साल असतं आणि अटी आकड्यांत असतात. म्हणजे वाद घालण्याऐवजी मोजता येतं.

आधी खेळाची ओळख

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी नेटफ्लिक्सवरच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये ऐकलं असेल. २०१६ साली आलेल्या या मालिकेच्या सुरुवातीलाच चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून हाच खेळ खेळत असतात. खेळात पट असेलच असं नाही. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि पंच, दोन्ही. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रकाशित झाला. लेखक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, प्रकाशक टीएसआर. पहिल्या छपाईत एक हजार संच होते आणि प्रत्येक संचात तीन पातळ पुस्तिका. दोघेही लेखक मूळचे युद्धखेळांचे शौकीन. त्याआधी १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम आले होते आणि त्याला जादू, राक्षस वगैरेंची पुरवणी जोडलेली होती.

युद्धखेळात पायदळ हे पायदळच असतं. घोडदळाचा तुकडा मध्येच तोफखाना होत नाही. ही सवय नव्या खेळातही आली. प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो. आपण त्याला पेशा म्हणू, कारण ‘वर्ग’ म्हटलं की शाळा आठवते. १९७४ मध्ये पेशे तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. पात्राला अनुभवाचे पॉइंट मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की पेशातली ताकद वाढते.

इथे एक फरक पडतो. पायदळाचा तुकडा एका दुपारच्या खेळापुरता असतो. हे पात्र मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तेच चालतं. मग प्रश्न येणारच : वीस खेळ लढवय्या म्हणून काढले, आता याला मंत्र शिकायचे असतील तर?

१९७४ : अट दारावर

पहिल्या पुस्तिकेत यावर एक छोटा परिच्छेद आहे. त्याचा आशय असा : पेशा बदलणं शिफारसयोग्य नाही, तरी बदलायचाच असेल तर माणसाच्या पात्राकडे नव्या पेशाला लागणारा मुख्य गुण १६ किंवा जास्त हवा, आणि तो फाशांनी आलेला मूळचा हवा, इकडचे पॉइंट तिकडे करून वाढवलेला चालणार नाही. लढवय्यासाठी मुख्य गुण म्हणजे ताकद, मांत्रिकासाठी बुद्धी, पुरोहितासाठी शहाणपण. शिवाय मांत्रिकाने पुरोहित व्हायचं नाही आणि पुरोहिताने मांत्रिक व्हायचं नाही.

बदलल्यावर जुन्या ताकदीचं काय होतं, लेव्हल शून्यापासून का, याबद्दल त्या परिच्छेदात काहीच सांगितलेलं नाही. म्हणजे सगळी अट दारावर आहे. आत शिरल्यावर काय, ते प्रत्येक टेबलाने आपापलं ठरवायचं.

त्याच पुस्तिकेत एल्फ नावाच्या जमातीला मात्र वेगळा न्याय आहे. एल्फ लढवय्या किंवा मांत्रिक म्हणून सुरुवात करतो आणि एका मोहिमेकडून दुसऱ्या मोहिमेकडे जाताना पेशा मनासारखा बदलू शकतो. फक्त चालू खेळाच्या मध्ये नाही. बदल्यात त्याला वरची मर्यादा आहे : लढवय्या म्हणून चौथी लेव्हल, मांत्रिक म्हणून आठवी. त्याच्या पुढे रस्ता बंद.

आता आपलं सुरुवातीचं वाक्य आठवा. ‘पूर्वी कडक, नंतर सैल.’ इथे तर पहिल्याच वर्षी, एकाच पुस्तिकेत, दोन्ही आहे. माणसाला दारावर कडक अट, एल्फला दार सताड उघडं पण वर छत. ‘नियम कडक होता का?’ या प्रश्नाला ‘कोणासाठी?’ असा उलटप्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

१९७५ ते १९८१ : वाटून घेणं

एल्फचा नियम वाचायला सुंदर, पण चालवायला किचकट. आज मांत्रिक, उद्या लढवय्या. मग पॉइंटचा हिशोब कसा ठेवायचा? १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने वेगळं उत्तर दिलं. चोर हा नवा पेशा याच पुरवणीत आला. आणि माणसाखेरीजच्या जमातींना एकाच वेळी दोन किंवा जास्त पेशे चालवायची सोय झाली, मात्र मिळालेला अनुभव त्या पेशांत वाटून जाणार. म्हणजे ‘आळीपाळीने’ची जागा ‘एकाच वेळी, पण विभागून’ने घेतली.

१९८१ साली नवशिक्यांसाठी आलेल्या सोप्या आवृत्तीत हिशोब आणखी वेगळा. तिथे एल्फ हाच एक पेशा करून टाकला. तलवारही चालवतो, मंत्रही म्हणतो, बदलायचा प्रश्नच नाही. पण दुसरी लेव्हल गाठायला लढवय्याला २००० पॉइंट लागत, मांत्रिकाला २५००, आणि एल्फला ४०००. दोघांची बेरीज ४५००. जवळजवळ दोन्ही पेशांची किंमत एकाच तिकिटात घेतली आहे. बदलाचा नियम दिसत नाही, म्हणजे तो गेला असं नाही. तो तक्त्यात जाऊन बसला. जुनी कागदपत्रं वाचताना हे लक्षात ठेवा : एखादी अट मजकुरातून गायब झाली, की ती आकड्यांत गेली आहे का ते आधी बघायचं.

१९७८ : दोन वेगळे रस्ते

याच काळात मोठ्यांसाठी म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. त्याची खेळाडूंची पुस्तिका १९७८ ची. तिथे दोन रस्ते स्वच्छ वेगळे केले आहेत.

पहिला रस्ता माणसाखेरीजच्या जमातींचा : दोन किंवा तीन पेशे एकदम, अनुभव समान वाटून. एका पेशात वरचं छत लागलं तरी त्याचा वाटा त्यातच जात राहणार, वाया.

दुसरा रस्ता माणसाचा. माणसाने एक पेशा सोडायचा आणि दुसरा धरायचा. अटी अशा : जुन्या पेशाचा मुख्य गुण किमान १५, नव्या पेशाचा किमान १७. बदलल्यावर पात्र नव्या पेशात पहिल्या लेव्हलपासून सुरू. अंगातला दम, म्हणजे मार सोसायचे पॉइंट, तेवढे जुनेच राहतात. जुन्या पेशात परत प्रगती कधीच नाही. आणि सगळ्यात मजेशीर कलम हे : नव्या पेशाची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं कौशल्य वापरायचं नाही. वापरलंत तर त्या मोहिमेचा अनुभव शून्य. पुढे गेलात की दोन्ही मोकळी.

कल्पना करा. तुमचा माणूस सहाव्या लेव्हलचा लढवय्या होता, आता पहिल्या लेव्हलचा मांत्रिक आहे. दिवसाला एक मंत्र. समोर राक्षस. तलवार चालवता येते, हात शिवशिवतोय. चालवली तर जीव वाचेल, पण आजची सगळी कमाई गेली. नियम तलवार हातातून काढून घेत नाही. ती उचलायची किंमत लावतो. निर्णय खेळाडूचा.

माणसाला आणि इतरांना असे वेगळे रस्ते का? गायगॅक्स यांनी १९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तिकेत आपली बाजू मांडली आहे : हे जग माणूसकेंद्री असावं, कारण खेळणारे माणूस आहेत आणि ज्या साहित्यातून खेळ उगवला तेही बहुतांशी माणसांभोवती फिरतं. इतर जमातींना जन्मतः सवलती मिळत असतील तर त्यांच्या डोक्यावर छत हवं, नाहीतर माणूस कोण घेईल? त्याच पुस्तिकेच्या शेवटी त्यांनी प्रेरणास्थानांची एक यादी दिली. तिच्यात फ्रिट्झ लायबर हे नाव आहे. लायबर यांच्या कथांमधला ग्रे माउझर आधी एका जादूगाराचा शिष्य असतो आणि पुढे तलवारबाज चोर म्हणून नाव काढतो. मध्येच पेशा बदललेला माणूस या साहित्यात ओळखीचा होता. हा नियम थेट माउझरवरून घेतला असं मात्र यावरून म्हणता येणार नाही. यादीत नाव असणं आणि नियमाचं मूळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात त्या एका वाक्यात कोंबू नका.

याच १९७८ च्या पुस्तिकेच्या परिशिष्टात बार्ड हा पेशा आहे. गाणारा, कथा सांगणारा, थोडा भाट, थोडा शाहीर. तो व्हायला आधी लढवय्या म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठायची, आठवीच्या आत थांबायचं. मग चोर व्हायचं, तिथेही किमान पाचवी, नववीच्या आत. मग निसर्गपूजक ड्रुइडांकडे शिकून बार्ड. चार गुण किमान १५ हवेत. म्हणजे जो बदल १९७४ मध्ये ‘शिफारसयोग्य नाही’ होता, चार वर्षांत तोच एका पेशाची सक्तीची पायरी झाला.

आता फासे मोजू

आत्तापर्यंत आपण मजकूर वाचला. मजकुरावरून काय दिसतं? १९७४ मध्ये एकच अट, १६. १९७८ मध्ये दोन अटी, १५ आणि १७. म्हणजे नियम कडक झाला. बरोबर?

मी विज्ञानाकडून आलेली असल्यामुळे असा आकडा दिसला की हात कॅल्क्युलेटरकडे जातो. तर मोजू.

१९७४ मध्ये प्रत्येक गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरायचा, ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने. तीन फाशांच्या एकूण जोड्या २१६. त्यांत १६ येण्याचे प्रकार ६, १७ चे ३, १८ चा १. मिळून १०. म्हणजे एखादा ठरावीक गुण १६ किंवा जास्त असण्याची शक्यता २१६ मध्ये १०, सुमारे ४.६ टक्के. मांत्रिकाला एकच दार आहे, लढवय्याचं. त्याची शक्यता ही. लढवय्याला दोन दारं आहेत, मांत्रिकाचं आणि पुरोहिताचं. त्यातलं किमान एक उघडं असण्याची शक्यता सुमारे ९ टक्के.

आता १९७८ चा नियम. इथे थांबा, कारण खरी गोष्ट इथेच आहे. गुण कसे काढायचे याच्या पद्धती डंजन मास्टरच्या पुस्तिकेत आहेत, म्हणजे दुसऱ्या पुस्तकात, एक वर्षानंतरच्या. त्यातली पहिली पद्धत अशी : चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडून द्या, उरलेल्या तिघांची बेरीज घ्या. असं सहा वेळा करा आणि आलेले सहा आकडे हव्या त्या गुणांना लावा.

चार फाशांच्या जोड्या १२९६. त्यांत १७ किंवा जास्त येण्याचे प्रकार ७५, म्हणजे ५.८ टक्के. १५ किंवा जास्तचे प्रकार ३००, म्हणजे २३ टक्के. सहा आकड्यांत एक किमान १७ आणि दुसरा किमान १५ असण्याची शक्यता काढायची तर उलट्या बाजूने जायचं : एकही १७ नसण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, नेमका एकच १७ किंवा वर आणि बाकी पाचही १५ च्या खाली असण्याची सुमारे ९ टक्के. दोन्ही शंभरातून वजा करा. उरतात सुमारे २१ टक्के.

म्हणजे कागदावर अट १६ वरून १७ झाली, वर आणखी एक १५ ची अट लागली, आणि तरीही दार पूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त उघडं झालं. नियम वाचून आपण ‘कडक झाला’ म्हटलं होतं. फासे मोजले तर दार सैल झालेलं दिसतं.

पण फक्त दार. आत गेल्यावरचा रस्ता, तलवार न उचलण्याचा, १९७४ च्या मजकुरात नव्हताच. म्हणजे एकूण नियम कडक झाला की सैल, या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. किंमत दारावरून उचलून वाटेवर ठेवली, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

तोच नियम, वेगळे फासे : १९८९ आणि १९९८

१९८९ मध्ये याच खेळाची दुसरी आवृत्ती आली. माणसाच्या पेशाबदलाची १५ आणि १७ ची अट जशीच्या तशी. शिक्षा थोडी हलकी : जुनं कौशल्य वापरलं तर त्या चकमकीचा अनुभव शून्य आणि मोहिमेचा निम्मा. फक्त नियमांची तुलना केली तर निष्कर्ष निघेल : सैल झाला.

पण या आवृत्तीत गुण काढायची पहिली पद्धत पुन्हा तीन फासे, पडतील त्याच क्रमाने, अशी आहे. चार फाशांची पद्धत यादीत आहे, पण पाचवी. पहिल्या पद्धतीने मोजलं तर? चार मूळ पेशांचे चार गुण घेऊ आणि पात्राने सोयीच्या पेशापासून सुरुवात केली असं धरू. एक गुण १७ आणि दुसरा १५ असण्याची शक्यता सुमारे १.७ टक्के निघते. ‘मला लढवय्याचा मांत्रिकच व्हायचंय’ असा हट्ट असेल तर साधारण ५८३ पात्रांत एक.

शब्द तेच. दार २१ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली.

मग १९९८. बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ याच दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर बांधलेला होता. त्यात पात्र घडवताना फासे हवे तितक्या वेळा पुन्हा टाकता येतात आणि पॉइंट एका गुणातून दुसऱ्यात हलवता येतात. थोडा धीर असला की १५ आणि १७ कोणालाही मिळतात. अट तीच राहिली, पण तिने अडवणं बंद केलं.

आणि वाटेवरचं कलमही बदललं. टेबलावर तलवार उचलता येत होती, किंमत देऊन. संगणकाने जुनी कौशल्यं कुलूपबंदच केली. नवी लेव्हल जुनीच्या पुढे गेली की कुलूप निघतं. मोह आणि हिशोब यांच्यातला तो निर्णयच उरला नाही. राहिलं ते वाट बघणं.

किंमत नक्की किती?

वाट किती बघायची, तेही मोजू. १९८९ च्या तक्त्यात लढवय्याला पाचव्या लेव्हलसाठी १६,००० पॉइंट लागतात, सहावीसाठी ३२,०००, सातवीसाठी ६४,०००. म्हणजे जवळजवळ दर वेळी दुप्पट. मांत्रिकाला सहावीसाठी ४०,००० आणि सातवीसाठी ६०,०००.

पाचव्या लेव्हलला लढवय्येपण सोडून मंत्र धरले. जुन्याच्या पुढे जायला मांत्रिकाची सहावी लेव्हल हवी, म्हणजे ४०,००० पॉइंट. एकूण खर्च ५६,०००. आता पहिल्या दिवसापासून फक्त मांत्रिकच असलेली मैत्रीण ५६,००० पॉइंटवर कुठे असेल? तीही सहावीतच. म्हणजे शेवटी हिशोब केला तर बदल जवळजवळ फुकट पडला, वर पाच लेव्हलची तलवार शिल्लक. दुप्पट होत जाणाऱ्या तक्त्याचा हा गुण आहे : सुरुवातीची वर्षं पुढच्या खर्चात दिसेनाशी होतात.

मग किंमत गेली कुठे? मधल्या ४०,००० पॉइंटमध्ये. त्या काळात पात्र कमजोर, बाकीची टोळी जोरात, आणि ते जगेल की नाही याची खात्री नाही. शेवटच्या ओळीत ही किंमत दिसत नाही, कारण शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेलीच पात्रं आपण मोजतो. वाटेत मेलेल्यांचा हिशोब त्या ओळीत नसतो. संख्याशास्त्रात याला वाचलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात, आणि इतिहास लिहिताना तो सगळ्यात जास्त फसवतो.

अनुभव वाटून घेणाऱ्या एल्फचंही बघा. १,२८,००० पॉइंटवर फक्त लढवय्या किंवा फक्त मांत्रिक, दोघेही आठव्या लेव्हलला असतात. एल्फचे ६४,००० इकडे, ६४,००० तिकडे : लढवय्या सातवी, मांत्रिक सातवी. निम्मा अनुभव, पण मागे एकच लेव्हल. पुन्हा तोच दुपटीचा तक्ता.

२००० : सगळं मोकळं?

१९९७ मध्ये टीएसआर कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. कोणत्याही जमातीचं पात्र कोणताही पेशा घेऊ शकतं. १५ नाही, १७ नाही, छत नाही. दर लेव्हलला विचारायचं, या वेळी कोणता पेशा? पेशांच्या लेव्हलमध्ये एकाहून जास्त अंतर पडलं तर, काही अपवाद सोडून, अनुभवातून २० टक्के कापले जातात, एवढंच बंधन. आपलं सुरुवातीचं वाक्य इथे अगदी फिट बसतंय असं वाटतं.

पण तक्ता बघा. आता अनुभवाचा तक्ता पेशाचा नाही, पात्राच्या एकूण लेव्हलचा आहे, आणि तो दुपटीने वाढत नाही. दुसरीला १०००, तिसरीला ३०००, चौथीला ६०००, असं करत दहावीला ४५,०००. या ४५,००० मध्ये तुम्ही फक्त मांत्रिक राहिलात तर दहाव्या लेव्हलचे मांत्रिक, पाचव्या दर्जाचे मंत्र हातात. अर्धे-अर्धे केलेत तर पाचव्या लेव्हलचा लढवय्या आणि पाचव्या लेव्हलचा मांत्रिक. मंत्र तिसऱ्या दर्जापर्यंतच. मागच्या आवृत्तीत वाटून घेणारा एक लेव्हल मागे होता. इथे तो आपल्या पेशात पाच लेव्हल मागे आहे.

परवानगी सगळ्यांना मिळाली, आणि अर्धं-अर्धं करणं महागलं. त्यातही ही किंमत कुठल्या अटीत लिहिलेली नाही. ती तक्त्याच्या आकारात आहे.

मग आपल्या वाक्याचं काय?

‘पूर्वी कडक, नंतर सैल’ हे वाक्य या छोट्याशा नियमालासुद्धा लागू पडत नाही. २६ वर्षांत किंमत संपली नाही, ती फिरत राहिली. माणसासाठी ती आधी दारावर होती, मग वाटेवर आली. एल्फसाठी आधी छतात होती, मग वाटणीत. शेवटी सगळ्यांसाठी ती तक्त्याच्या आकारात गेली. खेळ बदलला नाही असं मी म्हणत नाही. २००० मधला एल्फ १९७४ मधल्या चौथ्या लेव्हलच्या छताखालून खरंच बाहेर आला आहे. पण ‘सैल’ हा शब्द वापरण्याआधी कोणासाठी, कुठल्या टप्प्यावर आणि कशाच्या तुलनेत, हे तीन शब्दगट लिहावे लागतात. ते लिहिले की वाक्य लांब होतं, पण परीक्षकासमोर टिकतं.

यातून तुमच्या तयारीसाठी चार गोष्टी घ्या.

एक, नियमाला साल आणि आवृत्ती जोडल्याशिवाय तो उद्धृत करू नका. १९७४ च्या मूळ छपाईत ‘हॉबिट’ हा शब्द होता. टोल्किन यांच्या बाजूने हक्कांचा प्रश्न आल्यावर पुढच्या छपायांत तो ‘हाफलिंग’ झाला. पुस्तक तेच, मुखपृष्ठावरचं नाव तेच, आतला शब्द वेगळा. तुमच्या हातातली प्रत कोणती, हा प्रश्न किरकोळ नसतो.

दोन, नियमाशेजारचा तक्ता शोधा. १७ या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. फासे किती आणि क्रम कोणाचा, यावरून तो ठरतो. पीएच.डी. प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के हवेत ही अट तुम्हाला पाठ असेल. पण गुण द्यायची पद्धत बदलली, श्रेणीचे टक्के करायचं सूत्र बदललं, की ५५ तेच राहून दार लहान-मोठं होतं. शिक्षणाच्या इतिहासावर काम करणार असाल तर फक्त अटींची यादी करू नका, गुणपत्रिका बघा.

तीन, तुलना सारख्याची सारख्याशी करा. वर मी ४.६, ९, २१ आणि १.७ हे आकडे दिले, पण प्रत्येक वेळी प्रश्न काय होता तेही सांगितलं : ठरावीक दार की कुठलंही दार, क्रम फाशांचा की खेळाडूचा. हे गाळून आकडे शेजारी ठेवले तर आलेख छान दिसेल आणि चुकीचा असेल.

चार, नियम म्हणजे वागणूक नव्हे. मी इथे फक्त छापील नियमांबद्दल बोलले आहे. टेबलावर लोक काय करायचे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे पुरावेही वेगळे : त्या काळच्या मासिकांतला पत्रव्यवहार, खेळाडूंनी जपून ठेवलेली पात्रांची पानं, मुलाखती. छापील नियमावरून टेबलाबद्दल विधान करायचं असेल तर मधली पायरी दाखवावी लागेल.

शेवटी एक छोटा गृहपाठ. तुमच्या विषयातला असा एखादा नियम घ्या ज्याबद्दल ‘हा आता बराच शिथिल झालाय’ असं सगळे म्हणतात. त्याच्या दोन वेगळ्या सालांच्या प्रती मिळवा. मग मजकूर बाजूला ठेवा आणि त्याच्या शेजारी छापलेला तक्ता, फी, मुदत, वयाची अट, जे काही असेल ते वाचा. किंमत कुठून कुठे गेली ते एका परिच्छेदात लिहा. जमलं तर तो तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद होऊ शकतो.